वरचं खाणं: कधी सुरू करायचं, किती घट्ट आणि किती

बाळाला १८० दिवस पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं. तोवर फक्त आईचं दूध. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी पाण्याचा घोटसुद्धा नको, कारण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. सहा महिन्यांची मर्यादा लोहामुळेही पडते. जन्मताना अंगात साठवून आणलेलं लोह याच सुमारास संपत येतं आणि दुधातून मिळणारं लोह फारच थोडं असतं. म्हणून घाई नको, तशी आठव्या महिन्यापर्यंत टाळाटाळही नको.

दिवस मोजण्याबरोबर बाळाकडेही बघा. मान पक्की धरतं का, टेकू दिला तर बसतं का, चमचा ओठांना लावल्यावर जीभ घास बाहेर ढकलत नाही ना. घास परत परत बाहेर येत असेल तर चार दिवस थांबून पुन्हा प्रयत्न करा. मूठ चोखणं किंवा रात्री उठणं म्हणजे बाळ जेवायला तयार झालं असं नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं धरायचं ते डॉक्टरांना विचारा.

मुंबईत दोन गोष्टींमुळे घाई होते. पहिली म्हणजे उष्टावण. अनेक घरांत मुलीचं उष्टावण पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात, मुलाचं सहाव्या किंवा आठव्या. सातवा चालू झाला म्हणजे सहा पूर्ण झाले, तेव्हा तो मुहूर्त उत्तम. घरच्यांनी पाचवाच धरला तर मामाने चांदीच्या वाटीतली खीर ओठांना नुसती लावावी, फोटो काढावा आणि रोजचं खाणं वेळ आल्यावर सुरू करावं. त्या खिरीत मध मात्र अजिबात नको.

दुसरी म्हणजे रजा. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात, पण त्यातले चार-सहा आठवडे बाळंतपणाआधीच घेतलेले असतील तर बाळ पाच महिन्यांचं असतानाच लोकल पुन्हा सुरू होते. अशा वेळी पीठ कालवून देण्यापेक्षा काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायची सवय आजीला किंवा पाळणाघराला लावा. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं. बाहेर चार तासांचा हिशोब २५ अंशांपर्यंतचा आहे, आपल्या उकाड्यात तेवढा वेळही धरू नका.

सगळा खेळ घट्टपणाचा

आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतं ते इथे. सुरुवात डाळीच्या पाण्याने होते, मग भाताची निवळ पेज, मग भाज्यांचं सूप. बाळ वाटीभर पितं, घरचे खूश होतात आणि वजन मात्र हलत नाही. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं. सात किलोच्या बाळाचं पोट २०० मिलीच्या आसपास भरलं की संपलं. त्यात डाळीचं पाणी गेलं तर डाळ कुकरच्या भांड्यातच राहिली आणि वर दूधही कमी प्यायलं जाणार.

घट्टपणा बघायची सोपी खूण अशी: चमच्यात खाणं घेऊन चमचा तिरका करा. लगेच ओघळलं तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि सावकाश घसरलं तर बरोबर.

पहिल्या आठवड्यासाठी मूगडाळीचा मऊ भात सोयीचा. २ मोठे चमचे तांदूळ आणि १ मोठा चमचा मूगडाळ (मोठा चमचा म्हणजे १५ मिली) धुऊन अर्धा तास भिजवा. भिजवणीचं पाणी फेकून द्या आणि २५० मिली ताजं पाणी, चिमूटभर हळद आणि हवं तर हिंगाचा कण घालून कुकरमध्ये पाच शिट्ट्या करा. वाफ आपोआप जिरू द्या, गरम असतानाच पळीच्या पाठीने घोटा आणि वाढताना अर्धा छोटा चमचा साजूक तूप घाला. मीठ नाही. मिक्सर शक्यतो नको. त्याने भात चिकट होतो आणि बाळाला कणी ओळखीची होत नाही.

नाचणीचं सत्त्व दादरच्या दुकानांत तयार मिळतं. घेताना पाकिटावर साखर आणि दूध पावडर लिहिली आहे का ते वाचा. घरी करायचं तर नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. साधारण दिवसभरात मोड येतात. मग वाळवून, मंद आचेवर हलकी भाजून, दळून, बारीक चाळणीने चाळा. पावसाळ्यात हे काम नेमकं बिघडतं. दमट हवेत मोड चिकट होतात आणि आंबूस वास येतो. तसा वास आला तर सगळं टाकून द्या. जून ते सप्टेंबर थोडीच नाचणी घ्या, फडकं दर सहा तासांनी धुवा आणि मोड पंख्याखाली पसरून मग तव्यावर कोरडे करा. शिजवताना १ मोठा चमचा पीठ आधी थंड पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग १०० मिली पाण्यात सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा.

मोडाच्या पिठाचा आणखी एक उपयोग फारसा कोणी करत नाही. कोणतीही खीर किंवा पेज शिजून गोळा झाली तर तिच्यात पाणी ओतू नका. बोट जेमतेम टेकवता येईल इतकी निवू द्या आणि मोड आलेल्या नाचणीचं, न भाजलेलं, अर्धा छोटा चमचा पीठ ढवळा. मोड येताना धान्यात तयार झालेलं विकर (एन्झाइम) पिष्ट म्हणजे स्टार्च फोडतं आणि काही मिनिटांत पेज सैल होते, जिन्नस मात्र तेवढेच राहतात. खीर उकळत असताना पीठ टाकलं तर विकर निकामी होतं. सैल झाल्यावर एकदा उकळी आणा, कारण पीठ कच्चं असतं. यासाठी थोडं पीठ भाजायच्या आधीच बाजूला काढून ठेवा.

किती आणि कितीदा

पहिल्या दिवशी सकाळच्या वेळी, थोडं दूध पाजून झाल्यावर, दोन-तीन छोटे चमचे पुरे. आठवडाभरात २-३ मोठे चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्याच्या शेवटी दोन-तीन वेळा अर्धा कप, म्हणजे साधारण १२५ मिली. ९ ते ११ महिने: तेवढंच, पण तीन-चार वेळा, शिवाय मधे केळं किंवा उकडलेलं रताळं. वर्षानंतर पाऊण ते एक कप. आईचं दूध दोन वर्षं आणि हवं तर पुढेही चालू ठेवा. घरातली स्टीलची वाटी किती मिलीची ते एकदा मापून घ्या, नाहीतर आजीची वाटी आणि पाळणाघराची वाटी यांचा मेळ बसत नाही.

कणीही वाढत गेली पाहिजे. सुरुवातीला घोटलेलं, आठव्या महिन्यात चमच्याने चेचलेलं, नवव्या-दहाव्यात मऊ फोडी आणि बोटाने उचलता येईल असा इडलीचा तुकडा. दहा महिने उलटले तरी सगळं मिक्सरमधूनच देत राहिलं तर पुढे मूल घास चघळायला तयारच होत नाही.

लोह, अंडं, मासे, शेंगदाणे

भात आणि नाचणी दोन्ही असूनही लोहाची बाजू लंगडीच राहते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण तिच्यातलं लोह अंगी नीट लागत नाही. म्हणून डाळ-भातावर लिंबाचे चार थेंब पिळा आणि मांसाहारी घरांत सातव्या महिन्यापासूनच मटणाचा किंवा चिकनचा शिजवून घोटलेला खिमा, १-२ मोठे चमचे, द्या. हाडांचं सूप या कामाला येत नाही, लोह मांसातच राहतं. सरकारी कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली दिलं जातं. आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे त्याची चौकशी करा.

अंडं आणि शेंगदाणे वर्षभर लांबवायचा जुना सल्ला आता बदलला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या लीप अभ्यासात लवकर शेंगदाणे दिलेल्या, जास्त धोका असलेल्या मुलांमध्ये त्यांची ॲलर्जी खूपच कमी आढळली. इतर दोन-तीन पदार्थ पचायला लागले की भाजलेल्या दाण्यांचं अगदी गुळगुळीत वाटण, पाव छोटा चमचा, खिरीत मिसळा. अंडं पूर्ण उकडलेलं. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी आणि सकाळी द्या, म्हणजे अंगावर गांधी किंवा उलटी आली तर दवाखाना उघडा असतो. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास घरघरला तर सरळ इस्पितळ गाठा. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

माशांत पापलेट किंवा रावस, वाफवून, बोटांनी चाचपून काटे काढलेला. मांदेली, बोंबील यांचे बारीक काटे हाताला लागत नाहीत, ते पुढे कधीतरी. मोरी (शार्क) नको, तिच्यात पारा जास्त असतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बर्फातला मासा घेण्यापेक्षा अंडं बरं.

जे नको ते

मध वर्षभर नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मधातून चाटवायची बाळगुटीही याच कारणाने बाजूला ठेवा, शिवाय ती उगाळायचं पाणी आणि सहाण किती स्वच्छ हा प्रश्न असतोच. मीठ वर्षभर नको, साखर-गूळ दोन वर्षं नको. गाईचं किंवा पिशवीचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. दही आधी चालतं. चहात बुडवलेलं बिस्कीट तर नकोच: साखर, मैदा आणि वर चहामुळे लोह आणखी कमी शोषलं जातं.

अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षं, पॉपकॉर्न, कच्चं गाजर आणि बोराची बी हे घशात अडकणारे पदार्थ. चिकूच्या बीला टोकाला आकडा असतो, म्हणून फोडी करताना बिया मोजूनच काढा. बोंडल्याने आडवं धरून पाजू नका, बाळ सरळ बसलेलंच हवं. उबळ येऊन चेहरा लाल झाला, खोकला आवाजासह आला तर बाळ स्वतःच घास बाहेर काढतंय, थांबून लक्ष ठेवा. आवाजच बंद झाला, रडता येईना, तर बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याने पाच जोरदार थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. दिसत नसलेला घास बोटाने शोधू नका, तो आणखी आत जातो.

पाणी सहा महिन्यांनंतर जेवणाबरोबर घोट-घोट, पेल्यातून. सोसायटीच्या टाकीतून आलेलं पाणी खळखळून उकळू द्या आणि एक मिनिटाने गॅस बंद करा. शिजवलेलं खाणं उन्हाळ्यात तासाभरात संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका. उष्टी वाटी मात्र ठेवू नका. पाळणाघरात डबा पाठवायचा तर तो रात्री गार केलेला, बर्फाच्या पिशवीसकट हवा आणि तिथे वाफ येईपर्यंत गरम व्हायला हवा.

खाणं बदललं की शीही बदलते. केळ्यामुळे तिच्यात काळे धागे दिसतात, बीटने लालसर होते, दोन्हीत काळजीचं कारण नाही. खडा होऊ लागला तर बहुधा नुसता भात आणि केळं चालू असतं: भिजवून कुस्करलेले काळे मनुके, पपई आणि लाल भोपळा वाढवा. ताप किंवा जुलाबात खाणं बंद करू नका. थोडं थोडं, जास्त वेळा, आणि आईचं दूध अधिक. जुलाबात ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्या. या दिवसांत बाळाची भूक चांगली असते आणि उतरलेलं वजन भरून निघतं.