पद्मिनी विकायची की ठेवायची? ठरवण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात कोणाच्या दारात जुनी फियाट उभी असली आणि घरात विकण्याचा विषय निघाला, की फिरत फिरत फोन माझ्याकडे येतो. प्रश्न तेच, चुकाही त्याच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या फोनला हेच पाठवीन. उदाहरणं प्रीमियर पद्मिनीची, म्हणजे त्या फियाटचीच, कारण आपल्याकडे तीच जास्त. अँबॅसिडर असो की पहिली मारुती ८००, हिशेब फारसा बदलत नाही.

"बघू पुढे"

विकली तर पैसे मिळतात, ठेवली तर चालवायला मिळते. कव्हर घालून कोपऱ्यात उभी केली की दोन्ही हुकतं. तरी दहातले आठ जण हेच करतात.

नौपाड्यातलं एक कुटुंब. इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याचं घर घोडबंदर रोडला मिळालं. तिथे पार्किंग एकच आणि ते अर्थातच नव्या गाडीला. पद्मिनी गेली कोलशेतला, काकांच्या मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर. वर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीने करकचून आवळलेली. तेव्हा एक गिऱ्हाईक चांगला भाव देत होतं. काका म्हणाले, "घाई काय आहे? नवीन घर झालं की बघू."

दोन पावसाळे गेले. मग ऐरोलीचा एक मुलगा गाडी बघायला आला आणि काकांनी मलाही बोलावलं. ताडपत्री काढली तर रंग झकास, काका खूश. मी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर मॅट उचललं. खाली पत्रा नव्हताच, प्लॉटवरचं गवत दिसत होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते; बॉडी हीच चेसिस. फ्लोअर आणि दाराखालचा उंबरा सडला की नुसता पत्रा जात नाही, गाडीचा कणा जातो. आणि ताडपत्रीने पाऊस अडला तरी जमिनीतून येणारी वाफ आत कोंडते. त्यात खाडीची खारी हवा. ठाणे, ऐरोली, वाशी, कुठेही राहा, ती आहेच. मागचं एक चाक ब्रेकच्या ड्रममध्ये जाम झालेलं, ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून बसलेले, टाकीतून गंजाचे पापुद्रे निघाले. ते न फिरणारं चाक फरफटवतच गाडी टेम्पोत चढवली. मुलाने जो आकडा सांगितला तो भंगारवाल्याच्या आकड्याच्या जरा वर होता. काका त्याच्यावरच चिडले. माझ्या मते पोरगा प्रामाणिक होता.

म्हणून माझी पद्धत अशी. दसऱ्याला ठरवू, दिवाळीला ठरवू, काय वाटेल ते. पण कॅलेंडरवर तारीख टाका. तोपर्यंत गाडी ठेवू म्हणणाऱ्याच्याच हातात किल्ली द्या आणि दर रविवारी पहाटे त्यालाच बाहेर काढायला लावा. पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत जाऊन या, इंजिन नीट गरम होऊ द्या, ब्रेक वापरा. "बाबांची गाडी आहे, विकायची नाही" म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा मुलगा लागोपाठ तीन रविवार झोपून राहिला, तर तुमचं उत्तर मिळालं. तोच मुलगा हात काळे करून आणि चेहरा हसरा ठेवून परत आला, तर जाहिरात टाकू नका, खर्च कितीही दिसो.

जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालू करून "गाडी रनिंगमध्ये आहे" म्हणणाऱ्यांनी कृपया मला फोन करू नये. तेवढ्यात बॅटरी चार्ज होत नाही, तेल तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो. खरंच महिनाभर जमणार नसेल तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि छपराखाली सुती कव्हर घाला.

दिल्लीची बातमी वाचून ठाण्यात गाडी विकणं

पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचा. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हाही लोकांनी घाबरून घरच्या गाड्या काढल्या. वीस वर्षांची ती मर्यादा टॅक्सीला होती हो! दलालांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी त्या आठवड्यात स्वस्तात माल उचलला.

कागद नंतर बघू

भाव ठरतो, टोकन घेतलं जातं आणि मग आरसी बुक उघडलं जातं. नाव वडिलांचं, वडील जाऊन सहा वर्षं झालेली, नोंदणीची मुदतही संपलेली. मालक वारल्यावर आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. मग पुण्याची बहीण म्हणते, मला न विचारता विकताच कशी? गिऱ्हाईक तोवर दुसरी गाडी घेऊन मोकळं.

नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून शुल्क १०,००० रुपये आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये. पर्यावरण कर वेगळा. ठेवायची असो वा विकायची, हा खर्च आधी कागदावर मांडा. माझ्याकडे कोणी आलं की मी बॉनेटच्या आधी आरसी उघडतो आणि चेसिस नंबर टॉर्च मारून स्वतः जुळवतो.

दुसरं टोक म्हणजे घाई. स्टॅम्प पेपरवर सही, रोख पैसे, किल्ली हातात, "ट्रान्सफर मी करून घेतो, काका." वाशीच्या एका गृहस्थांनी असंच केलं. गाडी पुढे आणखी दोघांकडे गेली, पण चलनं येत राहिली यांच्याच मोबाईलवर. चलनं तरी भरता येतात. अपघात झाला तर? रेकॉर्डवर नाव ज्याचं, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. समोरचा रुसला तर रुसू दे.

विकण्याआधी नवी कोरी करणं

रंग, क्रोम, सीट यांवर ओतलेला पैसा भावात पूर्ण उतरत नाही. उलट जाणकार गिऱ्हाईक ताज्या रंगाला बिचकतं. खिशातून चुंबक काढतं, दाराच्या खालच्या कडेला लावतं. चिकटलं नाही की पुट्टी उघडी पडते. ब्रेक, टायर, वायरिंग तेवढं धड करा आणि आहे तशी दाखवा.

व्हीएच्या पाटीचा मोह

पन्नास वर्षं पुरी झाली आणि गाडी मूळ रूपात असली की २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्ही आणि ए ही अक्षरं येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मिरवायला छान. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. बायकोला घेऊन मामलेदारची मिसळ खायला त्याच गाडीने जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. आणि ८८ सालच्या गाडीला व्हिंटेज म्हणून जाहिरात करू नका, हसतात लोक.

बारीकसारीक

जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची इच्छा. भाव कळायला हवा असेल तर ज्याने खरोखर विकली त्याला गाठा.

"पार्ट मिळत नाहीत" हे विकण्याचं कारण सांगू नका. इंजिनाचं सामान कुर्ल्यात, ऑपेरा हाऊसला अजून निघतं. अडतं ते काच, बीडिंग (कडेच्या पट्ट्या) आणि क्रोमपाशी. ते तुमच्या गाडीवर शाबूत असेल तर ठेवण्याच्या बाजूने एक मत धरा.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, झिरपतात. इथेनॉलला चालणारे पाइप टाकून घ्या, मेकॅनिक "काही होत नाही" म्हणाला तरी.

विकलीच, तर फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या आणि काच खरवडून स्टिकरही काढा. नवा मालक खालापूरच्या टोलनाक्यावरून लोणावळ्याला गेल्याचे मेसेज तुम्हाला यायला नकोत.