नॉर्वेत केबिन घेताना: चावी घेण्यापासून परत ठेवण्यापर्यंत

नॉर्वेत फ्योर्डकाठची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठची, केबिन भाड्याने घेतली की घर मिळतं, घरकाम करणारं कुणी मिळत नाही. चादरी आपल्या, स्वयंपाक आपला, शेवटच्या दिवशी फरशी पुसायची तीही आपणच. हे आधीपासून धरून चाललं तर हॉटेलच्या मानाने पैसे वाचतात आणि पोटालाही बरं पडतं.

जाहिरात वाचताना फोटोंपेक्षा खालचा बारीक मजकूर नीट वाचा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का? बहुतेकदा नसतात, गादी, उशी, दुलई मिळते, अभ्रे आणि चादर आपली. काही मालक माणशी पैसे घेऊन देतात, पण आधी सांगावं लागतं. वीज भाड्यात आहे की मीटरप्रमाणे? हिवाळ्यात मीटरचं बिल चांगलंच अंगावर येतं. पाणी घरात आलंय का, संडास कुठल्या प्रकारचा आहे, आणि गाडी दारापर्यंत जाते का? डोंगरातल्या केबिनला हिवाळ्यात शेवटचा टप्पा बर्फातून सामान ओढत चालावा लागू शकतो. खासगी रस्त्याला फाटक असेल तर पैसे कसे भरायचे ते मालकाला विचारून ठेवा, कारण तिथे सर्रास चालणारं व्हिप्स ॲप भारतीय खात्यावर चालत नाही.

उन्हाळ्यात बऱ्याच केबिन शनिवार ते शनिवारच देतात. आणि रविवारी मोठी दुकानं बंद! त्यामुळे रेमा १००० किंवा किवी या सुपरमार्केटांतला बाजार शनिवारी वाटेतच उरकायचा. अंतराच्या आकड्यावर जाऊ नका. बर्गन शहराहून हार्डांगर भागातलं ओड्डा गाव दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण अरुंद वळणं, बोगदे आणि समोरून बस आली की मागे घेणं, हे सगळं धरून तीन तास हाताशी ठेवा. बिअर हवी असेल तर दुकानात ती शनिवारी संध्याकाळी सहापर्यंतच मिळते. वाइन आणि ४.७ टक्क्यांवरची बिअर फक्त विनमोनोपोले या सरकारी दारूच्या दुकानात, आणि ते शनिवारी त्याच्याही आधी बंद होतं.

भारतातून नेताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वगळा. साजूक तूप, पेढे, खवा, पनीर, दूध पावडर यांना कस्टममध्ये बंदी आहे. बटाटे आणि ताजा कढीपत्ताही नको. डाळी, पोहे, रवा, गोडा मसाला, हिंग, मोहरी-जिरं खुशाल न्या. हिंगाची डबी मात्र दोन पिशव्यांत बांधा. तूप तिथेच कढवता येतं. बिनमिठाचं लोणी, म्हणजे ‘उसाल्तेत स्मर’, घ्यायचं. मीठ घातलेलं कढवलं तर मीठ बेरीत बसतं, पण तुपाला फेस फार येतो. कढीसाठी ‘कुल्तुरमेल्क’ नावाचं आंबट दूध उत्तम, ताकाची गरज सहज भागते. ‘वेतेमेल’ हे आपल्या मैद्यासारखं पीठ, त्याच्या पोळ्या चिवट होतात. चार माणसांना आठवडाभरासाठी तीनेक किलो कणीक घरूनच नेलेली बरी.

स्वयंपाकघरात खरी गंमत होते ती शेगडीशी. गॅस जवळजवळ कुठेच नसतो. काचेची विजेची शेगडी किंवा इंडक्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई चालत नाही, म्हणून तीन लिटरचा इंडक्शन तळाचा स्टीलचा कुकर न्या. साध्या काचेच्या शेगडीची तऱ्हा उलटी: ती उशिरा तापते आणि बंद केली तरी तापलेलीच राहते. फोडणी जळते ती यामुळे. आच ९ पैकी ६ वर ठेवा, मोहरी तडतडली की बटण फिरवत बसू नका, भांडंच उचलून बाजूला घ्या. कुकरचंही तसंच. शिट्ट्या झाल्या की तो शेजारच्या थंड चकतीवर सरकवा, नाहीतर खाली भात लागतो. फुलके थेट आचेवर फुगवायचे विसरा. तव्यावरच फडक्याने कडा दाबत फुगवा.

शेगडीच्या वर भिंतीला किंवा चिमणीला एक छोटा सेन्सर दिसेल. तेल फार तापलं की तो आधी पिकपिक करतो, मग शेगडीची वीज तोडतो. शेगडी बिघडली म्हणून मालकाला फोन करायची गरज नसते: भांडं बाजूला घ्या, सेन्सरचं बटण दाबा, मिनिटभराने पुन्हा सुरू करा. धुराचा अलार्मही असतोच. मिरचीची फोडणी द्यायच्या आधी चिमणी चालू, खिडकी उघडी. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा मूर्खपणा आहे, लाकडी घर आहे ते.

आता लाकडाची शेगडी. आपल्या चुलीच्या सवयीने खाली कागद-काटक्या आणि वर ओंडके रचाल तर खोलीभर धूर होईल. नॉर्वेत वरून पेटवतात. तळाला बर्च झाडाच्या लाकडाचे दोन-तीन जाड तुकडे, त्यावर बारीक ढलप्या आडव्या-उभ्या, आणि सगळ्यात वर बर्चची साल किंवा पेटवणीचा ठोकळा. हवेची झडप पूर्ण उघडी, दार बोटभर किलकिलं. जाळ वरून खाली उतरतो आणि लाकडाचा धूरही जळून जातो. तरीही धूर आत आला तर दोन कारणं तपासा. धुराडं थंड असेल तर धूर वर चढत नाही. मग वर्तमानपत्राचा एक बोळा धुराड्याच्या तोंडाशी जाळून आधी ते ऊबदार करा. दुसरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही: स्वयंपाकघरातली चिमणी चालू असते आणि ती घरातली हवा बाहेर खेचते, ती भरून काढायला धुराड्यातून धूर आत येतो. चिमणी बंद करा, खिडकी थोडी उघडा. रात्रभर टिकावं म्हणून झडप आवळून लाकडं धुमसत ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच, आणि बादली लाकडी व्हरांड्यात नको, दगडावर ठेवा. निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. बाहेर शेकोटी करायची असेल तर लक्षात ठेवा, १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ उघड्यावर आग पेटवायला सर्वसाधारण बंदी आहे.

काही केबिनमध्ये मैला जाळणारा संडास असतो. प्रत्येक वेळी नवी कागदी पिशवी भांड्यात बसवायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. त्यात तांब्याभर पाणी ओतलं की जळायला वेळ लागतो, म्हणून ओले टिश्यू वापरा आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाका. गरम पाण्याची टाकी लहान असते. चौघांनी ओळीने अंघोळी केल्या तर चौथ्याला गार पाणी. दोघं सकाळी, दोघं रात्री.

निघायच्या दिवशी दोन तास मोकळे ठेवा. साफसफाईचे पैसे भरलेले नसतील तर क्रम असा: फ्रिज रिकामा, भांडी धुऊन जागेवर, बाथरूम, व्हॅक्यूम, शेवटी ओल्या मॉपने फरशी, मागे मागे येत दारापर्यंत. हळदीचे डाग मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. लाकडी ओट्यावर आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डावांवर ते त्याच वेळी पुसावे लागतात. उरलेलं तेल मोरीत नको, बाटलीत भरून कचऱ्यात टाका. कचरा बहुतेकदा रस्त्याकडेच्या सामाईक डब्यांपर्यंत गाडीतून न्यावा लागतो. पेयांच्या रिकाम्या बाटल्या-डबे दुकानातल्या मशीनमध्ये घाला, अर्ध्या लिटरपर्यंतच्या बाटलीचे २ क्रोन आणि मोठीचे ३ परत मिळतात.

हिवाळा असेल तर पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा की नाही आणि हीटर किती अंशांवर सोडायचे, हे मालकाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते शब्दशः पाळा; पाइप गोठून फुटला तर दुरुस्ती तुमच्या माथी येऊ शकते. खोल्यांचे फोटो काढा, चावी आकडी कुलपाच्या पेटीत ठेवा आणि कोडचे आकडे फिरवून टाका.