हिरड्या सुजल्यात? त्रिफळ्याच्या चुळा भरून बघा

ब्रश करताना थुंकीत लालसर रेघ दिसली, तर बहुतेक वेळा हिरड्या सुजलेल्या असतात. दादरला काष्ठौषधींच्या दुकानात त्रिफळा चूर्ण सहज मिळतं. चमचाभर चूर्ण कपभर पाण्यात उकळून निम्मं आटवा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. चहाच्या गाळणीतून बारीक रवाळ गाळ उतरतोच आणि मग तो दातांत कचकचतो. कोमट झालं की ब्रशनंतर दिवसातून दोनदा, अर्धा-एक मिनिट खळखळून चुळा भरा. चव तुरट, तोंड वाकडं होणारच! काढा रोज ताजा करा. मुंबईच्या दमट हवेत शिळा टिकत नाही. लवंगतेल मात्र थेट हिरडीला चोळू नका, भाजतं.

हिरड्या सुजवतो तो प्लाक, म्हणजे दातांवरचा मऊ, चिकट थर. तो निघतो ब्रशनेच, चुळा फक्त मदतीला. एकदा का तो टणक झाला की कुठल्याच काढ्याला दाद देत नाही, स्केलिंगच (दंतवैद्याकडून तो खरवडून काढणं) करावं लागतं. आठवड्याभरात रक्त थांबलं नाही, तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय गाठा. सकाळी लवकर जा, रांग असते.