डी अँड डीत सामानाच्या वजनापायी खेळ अडकायचा, तो असा सोडवला

फोंड्यात आम्ही पाच जण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्टीतली पात्रं होऊन टेबलावर खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती खेळतो. खजिना सापडला की खेळ ठप्प. पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या १५ पट पाउंड उचलता येतात, म्हणजे ताकद १० तर १५० पाउंड, आणि दोरी, मशाल, नाणी सगळं बेरजेत धरायचं, अर्धा तास त्यातच. जाम वैताग आलेला. मोबाईलवर एक्सेल केलं, कोणी भरेना. वजनाचा नियमच काढला तर एकजण चार चिलखतं घेऊन फिरायला लागला.

शेवटी केर्न या अशाच दुसऱ्या, मोफत मिळणाऱ्या खेळाचा नियम उचलला. आधी प्रत्येकाच्या कागदावर १० चौकोन आखले, पेन्सिलनेच, खोडावं लागतं. मग पहिल्यांदा चिलखत आणि शस्त्रं लिहायची (हे नंतर केलं की भांडणं होतात), मग बाकीचं, एका वस्तूला एक चौकोन, अवजड असेल तर दोन, किरकोळ वस्तू आणि १०० पेक्षा कमी नाणी मोजायचीच नाहीत. दहाही भरले की केर्नमध्ये एचपी (मार सोसायची क्षमता दाखवणारा आकडा) थेट शून्य होतो, ते आम्हाला फार कडक वाटलं, म्हणून आम्ही फक्त पात्राचा एका पाळीतला वेग १० फूट कमी करतो.

परवा भाच्याने दोरी खोडली, तिथे चांदीची समई लिहिली आणि लगेच पुढचं दार उघडलं.