वाळूसट जमिनीत लिची लावताय? आधी जुन्या झाडाखालची माती आणा

बिहारमधल्या मुजफ्फरपूरची शाही लिची बुढी गंडक नदीच्या गाळमातीत पोसली जाते. निव्वळ वाळूत तिचे हाल होतात, कारण पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जातात. तरी झाड जगवता येतं. खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल घ्या, त्यात वरची माती आणि मुरलेलं शेणखत भरा. आणि हे मात्र विसरू नकाच: फळणाऱ्या, निरोगी लिचीखालची दोन-तीन घमेली माती त्यात मिसळा. लिचीच्या मुळांशी राहणारी उपकारक बुरशी त्या मातीतून येते आणि हलक्या जमिनीतलं अन्न ती मुळांपर्यंत पोहोचवते.

पुढचं काम पालापाचोळ्याचं. आळ्यात वीतभर जाड थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब. महिन्या-दोन महिन्यांनी पाचोळा बाजूला सारून पाहा, खाली काळसर, ओलसर माती आणि पांढरी तंतुमुळं दिसतील. म्हणूनच तिथे कुदळ चालवू नका. गुटी कलमाला, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपाला, सोटमूळ नसतं, वरवरच्या या मुळांवरच सगळा भार असतो.

लहान रोपाला पाणी थोडं थोडं, पण वरचेवर. कच्चं शेण कधीच घालू नका.