खड्डा नक्की कोणाचा? पुण्यात तक्रार करायच्या आधी हे बघा

मनपात जाऊन भांडायच्या आधी खड्डा कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. हसू नका, मी स्वतः कॅम्पातल्या एका रस्त्यासाठी दोन ऑफिसं फिरलोय आणि दोन्हीकडे "हे आमच्याकडे येत नाही" ऐकलंय. कॅम्प आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, ते संरक्षण खात्याखाली. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी. बरं, आपल्या पुणे मनपाची हद्दही वाढत राहते, २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३.

आता काम कोणाचं ते. कचरा, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, गल्लीतला रस्ता, जन्ममृत्यूचे दाखले हे मनपाचं. घरची लाइट गेली तर महावितरण, बस नाही आली तर पीएमपीएमएल. पाण्याचं त्रांगडं आहे, खडकवासला धरण जलसंपदा खात्याचं पण तिथून पाणी उचलून, शुद्ध करून तुमच्या नळाला आणायचं मनपाने, म्हणजे नळ कोरडा असेल तर मनपाच.

हे कळलं की थेट शिवाजीनगरच्या मेन बिल्डिंगला जाऊ नका, आपल्या भागाचं क्षेत्रीय कार्यालय गाठा. पीएमसी केअर अ‍ॅपवर फोटो टाकून टोकन नंबर घ्याच, पण माझा भरवसा कागदावर. अर्ज दोन प्रतीत न्यायचा, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा, आणि जेईला, म्हणजे तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला, भेटून यायचं. "रस्ता खराब आहे" लिहू नका, कोणत्या दुकानासमोर, किती फूट ते लिहा.

नगरसेवकाला सांगावं का? सांगा की, पण खाती चालवतात आयुक्त, त्यांना राज्य सरकार नेमतं. नगरसेवकांचा जोर पैसा मंजूर करण्यात, स्थायी समिती आणि मुख्य सभेत.

आणि पैशाचं विचारायला लाजू नका, ही पुण्याची जुनी सवय. १९५० ला महापालिका झाली त्याच्या कितीतरी आधी, नगरपालिका असताना, १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचे ठरले तर महात्मा फुल्यांनी एकट्याने विरोध केला होता, पैसे गरिबांच्या शिक्षणाला वापरा म्हणून.

फुटपाथ, बाक, बसस्टॉप असलं छोटं काम हवं असेल तर नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयातच मिळतो. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकशी करा, गणपतीच्या गडबडीत तारीख निघून जाते.