वाइड रिसीव्हरची कारकीर्द अशी पाहा

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मुख्य चेंडूफेक्या, चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर तो धावत जाऊन झेलतो. एखादा वाइड रिसीव्हर इतकी वर्षं टिकला कसा, हे समजून घ्यायचं असेल तर टचडाउनच्या (गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन गुण मिळवण्याच्या) क्लिप बाजूला ठेवा. मी आधी हंगामवार आकडे घेतो आणि यार्डांना, म्हणजे झेलांतून कमावलेल्या अंतराला, झेलांनी भागतो.

लॅरी फिट्झजेरल्डचं उदाहरण घ्या. 2004 ते 2020, 17 हंगाम, सगळे ॲरिझोना कार्डिनल्स या संघाकडून. 2008 मध्ये 96 झेल, 1,431 यार्ड. झेलामागे जवळपास 15. 2016 मध्ये 107 झेल, 1,023 यार्ड. झेलामागे जेमतेम साडेनऊ. वरवर बघणारा म्हणेल, संपला. पण त्या वर्षी एनएफएल या लीगमध्ये सर्वाधिक झेल त्याचेच होते!

म्हणून पुढची पायरी: चेंडू सुटण्याआधी तो उभा कुठे राहतो ते टिपा. 2013 मध्ये ब्रूस एरियन्स प्रशिक्षक झाले आणि त्यांनी त्याला साइडलाइनकडून आत, स्लॉटमध्ये (मैदानाच्या मध्याजवळच्या जागेत) जास्त खेळवलं. तिथे गर्दीतून पळायचं, लाइनबॅकरचे, म्हणजे मधल्या फळीतल्या दणकट बचावपटूंचे, धक्के सोसायचे आणि चेंडू दुसऱ्या सहकाऱ्याकडे असला की ब्लॉक करायचं, म्हणजे बचावपटूंना अडवायचं. एवढं नाव झालेल्या खेळाडूनं हे काम मनापासून करावं, याचं मला त्याच्या कुठल्याही झेलापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

मग पाय बघा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे सगळे 22 खेळाडू वरून दाखवणारं चित्रीकरण मिळवा आणि एखादा कमबॅक रूट (पुढे धावत जाऊन अचानक थांबून मागे वळण्याची चाल) सावकाश चालवून पाहा. रिसीव्हर सुसाट पुढे निघालाय, त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू, कॉर्नरबॅक, मागे सरकतोय. कच्चा खेळाडू थांबण्याआधीच छाती वर उचलतो आणि कॉर्नरबॅक सावध होतो. मुरलेला शेवटच्या पावलांपर्यंत खांदे पुढे झुकलेले ठेवतो, मग एकदम कंबर खाली घेऊन वळतो. वय झाल्यावर वेग जातो, ही कला जात नाही.

असाच दीर्घकाळ टिकलेला दुसरा वाइड रिसीव्हर जेरी राइस, त्याचे 20 हंगाम पाहताना 1997 नीट बघा. पहिल्याच सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. डिसेंबरमध्ये परतला तर टचडाउन पकडताना गुडघ्याची वाटी फुटली. आता 1998 बघा: 82 झेल, 1,157 यार्ड. आणि 2002, म्हणजे चाळिशी गाठली त्या वर्षी, रेडर्स संघाकडून 92 झेल, 1,211 यार्ड.

शेवटी प्रत्येक हंगामापुढे क्वार्टरबॅकचं नाव लिहा. हे बहुतेक जण विसरतात. फिट्झजेरल्डचे 2012 चे 71 झेल आणि 798 यार्ड फिके वाटतात खरे, पण त्या एका हंगामात कार्डिनल्सनी चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना सुरुवातीला उतरवलं होतं.